विहीणबाईंचा नेम

आमच्या विहीणबाईंना एकदा भेटलेला माणूस आयुष्यात पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिलेला नाही. हे मी अलंकारिक बोलत नाही. त्या समोरच्याच्या तोंडाकडे सर्वांत शेवटी बघतात. आधी पावलं, मग गुडघे, मग कंबर, मग खांदे अशी त्यांची नजर वर चढत येते आणि आपण "या, बसा" म्हणण्यासाठी तोंड उघडावं, तोवर त्यांनी "वजन सगळं डाव्या पायावर का टाकलंय?" असं विचारलेलं असतं. मुरुडच्या बाजारात कोळंबीचे वाटे मांडून बसलेल्या बायका त्या दिसल्या की पाठ ताठ करतात. एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलर त्या जाईपर्यंत टेबलाला टेकत नाही. आणि मी, म्हणजे त्यांच्या सुनेचा बाप, त्यांचा फोन आला तरी उभा राहून घेतो. बायको म्हणते, "अहो, त्यांना दिसत नाही." मला तेवढी खात्री वाटत नाही.

आमची पहिली भेट लग्नाच्या बोलण्यांची. त्या मुलाला घेऊन दिघीहून आल्या होत्या. मुलीच्या बापाने जसं उभं राहायचं असतं तसा, म्हणजे थोडा वाकून, हात जोडून, चेहऱ्यावर जरा जास्तच हसू आणून मी दारात उभा होतो. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पडाल." मी म्हटलं, "बसा ना." त्या म्हणाल्या, "मी बसते हो. आधी तुम्ही नीट उभे राहा." आणि स्वतःच्या चपलेच्या टोकाने माझं डावं पाऊल वीतभर बाहेर सरकवलं. आतल्या खोलीत बायकोने कपाळाला हात लावला. मुलाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. मुलगी मात्र पडद्यामागे फिसकन हसली, आणि पोहे द्यायच्या आधीच तिने आईच्या कानात सांगून टाकलं, "या घरात मला कंटाळा येणार नाही. हो म्हण." अशा रीतीने माझ्या मुलीचं लग्न माझ्या डाव्या पावलामुळे जमलं. माझ्या कुठल्याही अवयवाची ही एकमेव कर्तबगारी.

विहीणबाई जन्मभर श्रीवर्धनकडच्या एका हायस्कुलात पी.टी. शिकवत होत्या. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात त्यांच्या हातात रायफल आली आणि पहिल्याच दिवशी सुभेदाराने विचारलं, "बेटी, घरात कोण फौजेत आहे?" घरात सगळे सुपारीच्या बागेत होते. पण ती रायफल काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. "गोळी सुटायच्या आधी एक क्षण असतो बघा," त्या सांगतात, "त्यात सगळं गप्प होतं. घर, दार, माणसं, सगळं. पुढे लग्न झालं, तेव्हापासून मी तो क्षण शोधतेय." त्याऐवजी त्यांना मिळाली पोरांची कवायत आणि लेझीम. निवृत्त झाल्या, मुलाचं लग्न झालं, आणि त्याच वर्षी आमचे व्याही, फार शांत आणि गोड माणूस, अचानक गेले. मुलाला आणि माझ्या लेकीला नोकरीसाठी दोहाला परत जावं लागलं. विहीणबाई दिघीच्या घरात एकट्या राहिल्या. आम्ही म्हटलं, इकडे या, चार दिवस राहा. त्या आल्या नाहीत. आणि मग एके सकाळी आगरदांड्याच्या जेट्टीवरून रिक्षा करून, काखेत एक गुंडाळलेली चटई घेऊन माझ्या लॉजच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"व्याहीबुवा, तुमच्याकडे दहा मीटर लांब आणि खिडक्या नसलेली जागा आहे का?"

माझं लॉज मुरुडला नारळीच्या वाडीत आहे. पाटीवर 'समुद्रदर्शन' लिहिलंय आणि ते अगदीच खोटं नाही. तीन नंबरच्या बाथरूममध्ये बादली उपडी घालून तिच्यावर उभं राहिलं तर भरतीच्या वेळी दिसतो. दहा मीटर लांब माझ्याकडे काहीच नव्हतं. मला वाटलं, बाईंना पापड वाळवायचे असतील. मग त्यांनी चटई उलगडली आणि आतून एअर रायफल निघाली. मी चहाच्या कपासकट दोन पावलं मागे सरकलो. "हवेची आहे," त्या म्हणाल्या, "छर्ऱ्याची. पोरांना शिकवायचंय. तुम्ही असे का उभे आहात?"

आपल्याकडे मुलीच्या बापाला विहिणीपुढे 'नाही' म्हणायची सोय कुणी ठेवलेली नाही. मी जागा शोधायला निघालो.

जागा मिळाली ती शब्बीरभाईंच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. शब्बीरभाई वीस-एक वर्षं कुवेतला काढून परत आलेले. वडिलांचा कारखाना त्यांना विकवत नव्हता आणि चालवताही येत नव्हता. जाड भिंती, एकही खिडकी नाही, लांबी हवी त्याहून जास्त, आणि आत अजून बोंबील आणि अमोनिया यांचा मिळून एक वास, जो पुढे आमच्या मंडळाची ओळखच बनला. शब्बीरभाई जागा द्यायला नाही म्हणणार होते. तसं ते मला आदल्या संध्याकाळी मशिदीच्या कोपऱ्यावर सांगून बसले होते: "भाई, बंदूक म्हटलं की लफडा. मी साफ नाही सांगनार." दुसऱ्या दिवशी ते किल्ली हातात खेळवत एका पायावर भार टाकून दारात उभे राहिले. विहीणबाईंनी त्यांच्याकडे खालून वर बघितलं. अर्ध्या तासाने मी चहा घेऊन गेलो तेव्हा शब्बीरभाई भिंतीकडे तोंड करून, दोन्ही पाय खांद्याइतके फाकवून उभे होते आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोलू नका. श्वास चाललाय."

आमच्या नेमबाजी मंडळाची स्थापना तिथेच झाली. सभेला आम्ही तिघे. अध्यक्ष त्या, खजिनदार शब्बीरभाई, आणि उरलेलं पद चिटणिसाचं असल्यामुळे आणि उरलेला माणूस मी असल्यामुळे तेही आपोआप जुळलं.

तेव्हापासून विहीणबाई आठवड्यातले बहुतेक दिवस दिघीहून खाडी ओलांडून येत. चटईत रायफल. जेट्टीवरच्या हवालदाराने एकदा सहज विचारलं, "काय बाई, चटईत काय?" त्या म्हणाल्या, "बंदूक." हवालदार पोट धरून हसला. पुढे तो रोज विचारायचा, त्या रोज खरं सांगायच्या, आणि तो रोज हसायचा. मग त्याची बदली झाली आणि नवीन आलेला हवालदार हसला नाही. मला ठाण्यात बोलावणं आलं. मी चिटणीस या नात्याने असतील नसतील ती सगळी कागदपत्रं घेऊन गेलो. त्यात घाईघाईत लॉजचं लाइट बिल आणि नातेवाइकाची लग्नपत्रिकाही गेली. पोचलो तेव्हा गरज संपली होती. साहेब खुर्चीत होते आणि नवा हवालदार मध्यभागी सावधानमध्ये उभा होता. विहीणबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "हां. आता कसं पोलिसासारखं वाटतंय." साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "व्याही." त्यांनी मला पाणी दिलं.

विहीणबाईंना कुठलीही गोष्ट आहे तशी चालत नाही. मंडळ सुरू झालं म्हणजे झालं, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. त्यांच्या लेखी ती फक्त सुधारणेची सुरुवात. टार्गेटचा कागद लावायला आणि काढायला दहा मीटर चालत जावं लागतं, त्यात पोरांची एकाग्रता मोडते, म्हणून त्यांनी सायकलच्या जुन्या रिमा आणि मासेमारीची दोरी लावून असं यंत्र केलं की हँडल फिरवलं की कागद धावत आपल्याकडे येई. छर्रे उडून परत येऊ नयेत म्हणून मागे भंगारातल्या होडीचा पत्रा तिरका लावला आणि त्याच्यापुढे फाटक्या जाळ्यांच्या घड्या टांगल्या. नेमबाजांचं जाड जाकीट बाहेरून मागवायचं म्हणजे महाग, म्हणून ताडपत्रीची जाकिटं शिवून घेतली. बाकीच्यांची खाकी होती. ताडपत्री संपल्यामुळे माझं निळं निघालं. ते घातलं की मला बसता येत नसे. मे महिन्यात ते अंगात घालून मी लॉजच्या अंगणातून चाललो होतो, तेव्हा पुण्याहून आलेल्या एका बाईंनी मुलाला सांगितलेलं मी ऐकलं, "बघ, इकडे पावसाची तयारी किती लवकर करतात."

नवीन येणाऱ्याला पहिला महिना छर्रा मिळत नसे. नुसती रायफल धरून उभं राहायचं, आणि नळीवर विहीणबाई एक रोठा सुपारी ठेवत. श्रीवर्धनची, गोल गरगरीत. ती पडली नाही पाहिजे. रुक्साना, म्हणजे शब्बीरभाईंची पुतणी, चौथ्या दिवसापासून सुपारी पडू देईना. प्रणाली, कोळीवाड्यातली एक किडकिडीत मुलगी, तिने तर पहिल्याच आठवड्यात सुपारीसकट जांभई देऊन दाखवली. माझ्या सुपाऱ्या इतक्या पडल्या की बायकोने शेवटी वाटी धरायला सुरुवात केली, आणि त्या वर्षी आमच्याकडच्या सत्यनारायणाला सुपारी विकत आणावी लागली नाही.

शांतता हा त्यांचा दुसरा ध्यास. कारखान्याच्या मागेच मासळीचा लिलाव चाले. त्या एकदा सरळ लिलावात गेल्या आणि म्हणाल्या, "जरा हळू ओरडता येईल का? आत पोरं नेम धरतायत." कोळीवाड्याच्या साऱ्या इतिहासात असली मागणी कुणी केली नसेल. लोक इतके चकित झाले की त्यानंतरचे दोन दिवस सुरमईचा लिलाव कुजबुजत झाला. तिसऱ्या दिवशी होडी हाकणारा एक म्हातारा तांडेल येऊन सांगून गेला, "बाय, हळू बोलल्याव भाव न्हाय चढत. माफी करा." विहीणबाईंनी ते मान्य केलं, आणि गोंगाटातही नेम कसा धरावा, हा एक नवीन धडा सुरू केला.

या सगळ्याला एक उद्दिष्ट होतं. जिल्ह्याच्या संघटनेची मान्यता मिळाल्याशिवाय आमच्या पोरींना जिल्हा स्पर्धेत उतरता येत नव्हतं. त्यासाठी परीक्षक येऊन जागा बघणार, आणि मंडळाच्या पाच सभासदांनी त्यांच्यासमोर नेमबाजी करून प्रत्येकाने किमान गुण मिळवायचे. शब्बीरभाई, रुक्साना, प्रणाली, तो एस.टी.चा कंट्रोलर आणि एक शाळामास्तर अशी आमची पाच माणसं तयार होती. प्रणालीचं ज्युनिअर गटातलं ते शेवटचं वर्ष. तिचे वडील होडीवर, आई मासळी विकणारी. पोरीने बंदूक धरलेली आधी दोघांना पटली नव्हती. विहीणबाईंनी आईला एकदा कारखान्यात आणून बसवलं. प्रणालीने छर्रे मारले, कागद धावत आला, काळ्या वर्तुळाच्या मधोमध एकच मोठं भोक. आईने कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "ह्ये समदं माझ्या पोरीनं केलं? मंग घरी भाकऱ्या का वाकड्या करतंय?" पण कागद घडी करून तिने पदराला बांधला.

परीक्षक आले त्या दिवशी सकाळी कंट्रोलरचा फोन आला. श्रीवर्धनकडची गाडी घाटात बंद पडलेली, प्रवासी स्टँडवर हमरीतुमरीवर आलेले, त्याला हलता येत नव्हतं. विहीणबाईंनी फोन ठेवला आणि हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"व्याहीबुवा, जाकीट घाला."

मी तोवर बऱ्याच महिन्यांचा सराव केला होता, हे खरं. पण माझे छर्रे कुठे जात हा मंडळातला चर्चेचा विषय होता. शब्बीरभाईंचं मत होतं की ते जंजिऱ्याला लागतात. किमान गुण मिळवायचे तर पाचही छर्रे निदान कागदावर हवे होते. निळ्या जाकिटात मी चौथ्या जागेवर उभा राहिलो. माझ्या उजवीकडे पाचव्या जागेवर शब्बीरभाई. परीक्षक एक हसतमुख, गोलसर गृहस्थ होते, आणि बायको लॉजवर त्यांच्यासाठी पापलेट तळते आहे हे त्यांना कळलेलं होतं. विहीणबाई मागून आल्या आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "घाई करू नका. कुणी मागे लागलेलं नाही."

आणि काय सांगू, त्या दिवशी मला तो क्षण भेटला. सगळं गप्प झालं. लिलाव, समुद्र, पापलेट, सगळं. रायफलीवरच्या नेमाच्या बारीक भोकातून मला फक्त एक काळं वर्तुळ दिसत होतं आणि ते हलत नव्हतं. मी पाच छर्रे मारले. प्रत्येक वेळी कुठेतरी आत वाटलं की हा लागला. मी रायफल खाली ठेवली तेव्हा माझे डोळे भरून आले होते. हँडल फिरवलं. कागद धावत आला.

कोरा. नवाकोरा, दुकानातून आणावा तसा.

शेजारी शब्बीरभाईंचा कागद आला आणि ते ओरडले, "या अल्ला!" त्यांच्या कागदावर दहा भोकं होती. पाच इकडेतिकडे पसरलेली आणि पाच मधोमध, चिकटून, एका जांभळात मावतील अशी. त्या बारीक भोकातून फक्त वर्तुळ दिसतं, आणि सगळी वर्तुळं सारखीच असतात. ते कुणाच्या मालकीचं आहे हे त्यावर लिहिलेलं नसतं. मी आयुष्यातली सर्वोत्तम नेमबाजी शब्बीरभाईंच्या कागदावर करून ठेवली होती.

सगळे थिजले. प्रणालीने तोंडावर हात दाबला. शब्बीरभाई पटकन सावरले आणि म्हणाले की ती मधली पाच त्यांची आहेत, खुदा गवाह. परीक्षक हसायला लागले. म्हणाले, "जाऊ द्या हो. दोघांचे मिळून दहा झाले ना? पाच-पाच वाटून टाकू. दोघेही पास. चला, जेवण काय आहे?"

"नाही," विहीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मधले पाच आमच्या व्याह्यांचे आहेत. मी मागे उभी होते, मी बघितलंय. दुसऱ्याच्या कागदावर मारलेल्याला गुण नसतात. त्यांचे शून्य लिहा."

"अहो बाई, मग तुमची मान्यता जाईल."

"शून्य लिहा."

त्यांनी लिहिलं. मान्यता गेली. पापलेट मात्र त्यांनी खाल्लं, कारण विहीणबाईंनी आग्रहाने वाढलं.

 दुपारी शब्बीरभाई कुलूप लावताना म्हणाले, "बाई, तुमची इमानदारी आपल्या जागी. पर पोरीचं साल गेलं ना."  मी विहीणबाईंच्या जवळ जाऊन माफी मागायला तोंड उघडलं, तर मला थांबवून म्हणाल्या, "व्याहीबुवा, पाचही एकत्र बसले होते. चुकीच्या घरात बसले, पण एकत्र बसले. मी अख्ख्या नोकरीत इतका बदल कुणात बघितला नाही." माझ्या नेमबाजीची एवढी तारीफ नंतर कुणी केली नाही आणि आधीही कुणी केलेली नव्हती.

मग त्या एकट्या कोळीवाड्यात गेल्या. मी लांबून मागोमाग गेलो. का गेलो सांगता येत नाही. प्रणालीची आई दारातच भडकून उभी होती: "बाय, तो मानूस द्येत व्हता ना? मंग तुमाला काय नडलं? पोर रडून रडून हैरान हाय. जेवली न्हाय." विहीणबाई तिथेच, सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठीखाली ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "माझं चुकलं असेल. पण मला तिच्यापुढे खोटं बोलता येत नाही. ती माझ्याकडे बघून शिकते."  मग प्रणाली बाहेर आली, नाक पुसत त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "ओपन गटात लय भारी लोक असतात ना बाई?" विहीणबाई म्हणाल्या, "असतात. उद्या लवकर ये."

पुढच्या हिवाळ्यात परीक्षक पुन्हा आले. या वेळी विहीणबाईंनी कंट्रोलरच्या डेपो मॅनेजरला आधीच जाऊन भेटून ठेवलं होतं. तो भेटीत नीट उभा राहिला असावा, कारण रजा लगेच मंजूर झाली. मला लॉजवर पापलेटांकडे लक्ष द्यायला ठेवलं. मान्यता मिळाली. प्रणाली ओपन गटात जिल्ह्याला गेली आणि आठवी आली. पहिली आली असं लिहायला मलाही आवडलं असतं. पण तिची आई बाजारात अशा थाटात सांगत होती, "जिल्ह्यात आठवी हाय माझी पोर, आठवी!" की पहिल्या सातांची नावं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

आणि मंडळ असं रुळावर आलं असताना दोहाहून लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते, त्रास होत होता, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. बायको निघाली असती, पण तिच्या मणक्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मी तिकडे जाऊन काय करणार, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. विहीणबाईंनी एका दिवसात ठरवलं. मंडळाची किल्ली प्रणालीकडे दिली, रुक्सानाला नोंदी दिल्या, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आहे तेच चालू ठेवा." माझ्याच लेकीसाठी त्या चालल्या होत्या, मला त्यांना "जाऊ नका" म्हणायचीही सोय नव्हती.

मुंबईच्या विमानतळाला नेणारी गाडी लॉजवरून निघणार होती. सगळं सामान चढलं. ड्रायव्हर चहा पीत होता. विहीणबाई मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या, इकडेतिकडे बघितलं आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या,

"व्याहीबुवा, तान्हं मूल धरतात कसं?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. "अहो, तुमचा मुलगा..."

"त्याला सासूबाईंनी वाढवलं. मी अंधारात शाळेला निघायची. यायची तेव्हा तो झोपलेला असायचा. मला वाटायचं, रविवारी घेईन." त्या वाडीकडे बघत होत्या. "शेकडो पोरं उभी केली मी. तान्हं कधी नीट हातात घेतलंच नाही. तिथे तुमच्या लेकीसमोर कसं विचारू?"

मला रायफल धरता येत नाही, लॉज धड चालवता येत नाही, चिटणिशी तर तुम्ही बघितलीच. पण माझी मुलगी लहानपणी पोटात दुखलं की फक्त माझ्या हातावर झोपायची, महिनोनमहिने, आणि ते हात विसरलेले नव्हते. मी दोन नंबरच्या खोलीतून एक उशी आणली. "असं. मान कोपरात. हा हात खालून, पाठीला. दुसरा मोकळा." त्यांनी उशी घेतली आणि ती अशी धरली की कुठल्याही बाळाने सलाम ठोकला असता. मी म्हटलं, "सैल सोडा."

"सैल?"

"खांदे सोडा. बाळाला कळतं. जरा झुला. हां, असं. आता चाला."

त्या चालल्या. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, उशीला छातीशी धरून, एवढ्या हळू की खालच्या फळ्यासुद्धा वाजल्या नाहीत. एक नंबरमधलं नवीन लग्न झालेलं जोडपं दार उघडून बाहेर आलं आणि बघतच राहिलं. विहीणबाईंनी त्यांच्या पायांकडेही बघितलं नाही. तिसऱ्या फेरीला त्यांच्या ओठांतून काहीतरी गुणगुणणं ऐकू आलं. मी तोंड फिरवून माडांकडे बघत उभा राहिलो.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्या तशाच पायऱ्या उतरल्या आणि गाडीत बसल्या, उशी मांडीवर. बायको म्हणाली, "अहो, ती उशी..." विहीणबाई काच खाली करून म्हणाल्या, "मुंबईपर्यंत सराव होईल." आणि गाडी वळली.

नातू झाला. छान आहे. व्हिडिओ कॉलवर त्या त्याला घेऊन खोलीभर फिरत असतात आणि आमच्याशी कुजबुजत बोलतात. आधी म्हणाल्या, मान धरायला लागला की येते. मग म्हणाल्या, बसायला लागला की येते. आता तो भिंत धरून चालतो आणि त्या यायचा विषय काढत नाहीत. आम्हीही काढत नाही. मंडळात प्रणाली शिकवते, विहीणबाईंपेक्षा कडक शिकवते. शब्बीरभाई अधूनमधून विचारतात, "बाईंची काय खबर?" आणि मी फोटो दाखवतो. ते फोन बराच वेळ हातात धरून बसतात.

दोन नंबरच्या खोलीत तेव्हापासून एकच उशी आहे. दोघं उतरली की तक्रार येते. मी म्हणतो, "लगेच पाठवतो हं," आणि माझ्या स्वतःच्या गादीवरची काढून नेऊन देतो. बाजारात उशा मिळतात. रोज दुकानावरून जातो. अजून घेतली नाही.